पेल्याची कड

मला किळस येत नाही, ही माझी तरुणपणातली मोठी मिजास होती. नागपूरला नर्सिंग शिकताना बरोबरच्या मुली पू बघून तोंड फिरवायच्या, एक जण तर दर वेळी मोरीकडं पळायची, आणि मी आपली चिमटा घेऊन जखमेतल्या अळ्या निवांत वेचत बसायचे. मेट्रन म्हणायची, हिचं पोट लोखंडाचं आहे. ते ऐकून मी आणखीच फुगायचे. पुढं चांदा जिल्ह्यात, चामोर्शीच्या अलीकडं, एका मिशनच्या दवाखान्यात नोकरी लागली, तेव्हा माझ्या ट्रंकेत चार लुगडी आणि ही मिजास एवढंच सामान होतं. आता सत्तरी ओलांडल्यावर हे लिहायला बसले आहे. कारण त्या गावात मला जेवढी किळस आली तेवढी पुढं कुठल्याच वॉर्डात आली नाही, आणि ती पुवाची नव्हती.

दवाखाना म्हणजे तीन खोल्या. एका बाजूला मिसबाईंचा बंगला, दुसऱ्या बाजूला देऊळ. आम्ही ख्रिस्ती माणसंही देऊळच म्हणायचो. कवेलूचं छप्पर, मातीच्या भिंती, मातीचीच जमीन. बाकं नव्हती. बांबूच्या चटया टाकून पुरुष डावीकडं आणि बाया उजवीकडं बसायच्या. मंडळी, म्हणजे त्या देवळात येणारी ख्रिस्ती माणसं, चाळीसेक घरांची. त्यातली बहुतेक घरं कुणाची, तर जुन्या दुष्काळात मिशननं रस्त्यावरून, बाजारातून, झाडाखालून उचलून आणलेल्या पोरांची. ती पोरं आता म्हातारी झाली होती, मंडळीचे वडील म्हणून पुढच्या चटईवर बसत होती. एवढं ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

दवाखाना चालवणाऱ्या मिसबाई परदेशातल्या खऱ्या, पण तीस वर्षं इथं राहून आमच्यासारख्याच झाल्या होत्या. "काऊन रे, गोळ्या नाई घेतल्या?" असं रोग्यांवर खेकसायच्या. त्या सुमारास मिशनची हवा बदलली. बाहेरच्यांनी आता निघायचं आणि इथल्यांनी आपलं आपण बघायचं, असं वरून ठरलं. मिसबाईंना जायचा हुकूम आला. जूनमधल्या एका रविवारी उपासना झाल्यावर त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी जाण्याआधी मला एक गोष्ट लिहून द्या. ही मंडळी या गावात कशासाठी आहे? उद्या ती नसली तर कोणाचं काय अडेल? घाई करू नका. पावसाळाभर विचार करा."

मला प्रश्न फार आवडला. माझं अक्षर चांगलं म्हणून लिहायचं काम माझ्याकडं आलं, तेही आवडलं. दर रविवारी उपासनेनंतर त्याच चटयांवर सभा बसायची, काळा चहा व्हायचा, आणि मी वही उघडून तयार राहायचे.

काय सांगू तुम्हाला त्या सभांचं! पहिल्या रविवारी मास्तर बोलले. मास्तर म्हणजे मिशन शाळेचे जुने हेडमास्तर, वडीलमंडळीत सगळ्यात वडील. त्यांचं म्हणणं, मंडळीपुढं पहिला प्रश्न कबरस्तानाच्या भिंतीचा आहे, शेळ्या आत शिरतात. दुसऱ्या रविवारी पेटीमास्तरांनी नवी बाजाची पेटी हवी म्हणून अर्धा तास खाल्ला. एकानं सांगितलं, मंडळी कशासाठी, तर आपल्या पोरींची लग्नं आपल्यातच जमावीत यासाठी. हे त्यानं इतक्या गंभीर तोंडानं सांगितलं की मी वहीत लिहूनही टाकलं. आणि त्यानंतरचे सलग तीन रविवार एकाच गोष्टीवर गेले: मिसबाई गेल्यावर बंगल्यात कोण राहणार, पाळकसाहेब, म्हणजे उपासना चालवणारे आमचे धर्मगुरू, की मास्तर? पाळकसाहेब म्हणत, बंगला पदाला आहे. मास्तर म्हणत, बंगला वयाला आहे. मास्तरांची बायको, तिला आम्ही मास्तरीणबाई म्हणायचो, ती तर एका दुपारी बंगल्याच्या खिडकीला बाहेरून वीत लावून पडद्याचं माप काढताना मला दिसली. आत मिसबाई चहा पीत बसलेल्या! वर मला म्हणते, "तो आंघोळीचा पत्र्याचा टब हाये ना, तो धान भिजवाले मस्त होईल." अग बाई, माणूस अजून त्या टबात आंघोळ करतंय, थोडी तरी लाज!

मला त्या सगळ्यांची शिसारी यायला लागली. सभेत चहाच्या घोटाबरोबर 'प्रभूच्या इच्छेनं' असं म्हणत म्हणत जो तो आपलीच पोळी भाजून घेत होता. रात्री जेवण जायचं नाही असं नाही, जेवण जायचं, पण वही उघडली की तोंडाची चव जायची.

आता बुढीचं सांगते. सगळे तिला बुढीच म्हणायचे, तीही स्वतःला तेच म्हणवून घ्यायची. सावली गावाकडच्या एका खेड्यातली. ऐन संसारात रक्तपिती झाली, म्हणजे महारोग. घरच्यांनी शेताच्या टोकाला खोपट बांधून तिथं ठेवलं. जेवण कुणीतरी बांधावर ठेवून हाक मारायचं आणि ती यायच्या आत निघून जायचं. नऊ वर्षं असं चाललं. मग मिसबाई तिला बैलगाडीतून घेऊन आल्या. तोवर नव्या गोळ्या निघाल्या होत्या. त्या घेऊन तिचा रोग गेला, कानाच्या पाळीतला नमुना मोठ्या दवाखान्यात तीनदा तपासून आणला आणि तिन्हीदा स्वच्छ निघाला. पण गेलेली बोटं काही गोळ्यांनी येत नाहीत. हातांची बोटं झडून अर्धी राहिलेली, खालचा ओठ ढिला, न मिटणारा, आणि डाव्या पायाच्या तळव्याला एक जुनी जखम, तिला रोज पट्टी लागायची. ती पट्टी मी बांधायचे. तळहातावर तिचा पाय घेऊन, हातमोजे न घालता. दारातून जाणाऱ्या-येणाऱ्यांना दिसेल अशी बसायचे, खोटं कशाला बोलू.

इथं आली त्याच वर्षी, म्हणजे चार वर्षांपूर्वी, तिचा बाप्तिस्माही झाला होता. पण देवळात ती बसायची ओसरीवर, दाराच्या चौकटीला टेकून. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून. आमच्याकडं ते पंगतीसारखं व्हायचं, चपातीच्या तुकड्यांचं ताट हातोहात फिरायचं आणि त्यामागून मनुकांच्या पाण्याचा पेला. पेला एकच, चांदीचा, दोन कानांचा. आधी पुरुषांत, मग बायांत, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती. एका पेल्यातून सगळे पितो, ही आमच्या मंडळीची मोठी अभिमानाची गोष्ट. आजूबाजूच्या गावांत कोण कुणाच्या हातचं पाणी घेत नव्हतं, म्हणून पाहुणा आला की मास्तर त्याला आवर्जून सांगायचे, "आमच्यात सगळे एका पेल्यात!" तो पेला ओसरीपर्यंत कधी गेला नाही.

आणि गंमत ऐका. देवळाची जमीन दर शनिवारी कोण सारवायचं? बुढी. शेणाचा गोळा घेऊन गुडघ्यांवर सरकत सरकत, भिंतीपासून भिंतीपर्यंत. सारवणात बोटांच्या रेघा उठतात ना, तिच्या सारवणात त्या नसायच्या, नुसते तळव्याचे अर्धगोल. त्या अर्धगोलांवर चटई टाकून मंडळी बसायची, मांडीवरून सांडलेला मुरमुरा पोरं तिथूनच उचलून खायची. त्यात कुणाला रोग दिसला नाही.

एके दिवशी पट्टी बांधता बांधता मी तिला सहज विचारलं, "आजी, तुला काय वाटतं? ही मंडळी कशासाठी आहे?"

"जेवाले," ती म्हणाली. "अजून कायले?"

मला हसू आलं. ती हसली नाही.

"नऊ वर्सं एकटी जेवली मी, बाई. समोर कोणी नाई, बाजूले कोणी नाई. मंग इथी पाण्यात बुडवलं, तवा पाळकसायेब म्हणे, आता तू आमच्या घरची झाली. घरचे लोक आत पंगतीत बसून राह्यले, अन् मी ओसरीत." पाय मागं ओढून घेत ती म्हणाली, "एक डाव बसाचं हाये मले. सगळ्याईच्या संगं. एक डाव बसली का झालं."

सगळ्या पावसाळ्यात त्या प्रश्नाला मिळालेलं हे पहिलं खरं उत्तर. मी ते वहीत लिहिलं आणि पुढच्या रविवारी मोठ्यानं वाचून दाखवलं. वर म्हटलं, येत्या प्रभुभोजनाला बुढी आत बसेल, हे आज ठरवा.

पाळकसाहेब चष्मा पुसायला लागले. मास्तर म्हणाले, "बाई, पेला एक हाये. रोग हाये तो."

"रोग होता. तीन कागद आहेत माझ्याकडं."

"कागदावर तिचे हात नाई ना दिसत."

मास्तरीणबाई पदर नाकाला लावून म्हणाली, "मले तं पाहूनच मळमळते, माय!"

"तिनं सारवलेल्या जमिनीवर बसून चहा पितेस, तेव्हा नाही मळमळत?" मी म्हटलं. दोन-तीन बायांनी नकळत चटईखाली पाहिलं. मी पेटलेच होते, तशीच मास्तरांकडं वळले. "आणि मास्तर, तुम्हीच सांगता ना, मिशनला सापडलात तेव्हा अंगभर खरूज होती, डोक्यात किडे होते? तुम्हाला ताटात घेताना कुणी विचारलं होतं का, मळमळतं की काय?"

मास्तरांचा चेहरा उतरला. साठ वर्षांचा माणूस, खाली मान घालून चटईची काडी उपटत बसला. मला तेव्हा आनंद झाला. आज तो आनंद आठवला तरी अंगावर काटा येतो.

शेवटी पाळकसाहेबांनी तोड काढली. बुढीला आत घ्यायचं, पण बायांच्या रांगेत अगदी शेवटी बसवायचं. सगळ्यांचं झाल्यावर पेला तिच्याकडं जाईल, मग धुऊन ठेवायचा. सभेनं सुटकेचा श्वास टाकला. पेटीमास्तर म्हणाले, हे मिसबाईंच्या कागदात घाला, चांगलं दिसेल. चांगलं दिसेल! ते ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"शेवटी का म्हणून?" मी उभी राहिले. "उष्टं खायला बोलावताय का तिला? ती मधे बसेल. आणि तिच्यामागून पेला मी घेईन, सगळ्यांसमोर. मग तर झालं?"

ओसरीवरून बुढीचा आवाज आला. ती सगळं ऐकत होती. "मले शेवटी चालते, बाई. भांडू नोको."

"तुला चालत असेल, मला नाही चालत," मी म्हटलं.

मिसबाई कोपऱ्यात वेताच्या मोड्यावर बसल्या होत्या. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं, कौतुकानं बघताहेत.

ऑक्टोबरचा पहिला रविवार. धान पोटरीत आलेलं, हवा स्वच्छ. मिसबाईंचा हा शेवटचा रविवार होता. मनुका उकळून पाणी गाळायचं काम नेहमी माझ्याकडंच, ते मी सकाळीच दवाखान्याच्या स्टोव्हवर केलं. बुढी नदीवर जाऊन न्हाऊन आली होती, केसांना तेल, अंगावर मिसबाईंनी दिलेलं पांढरं लुगडं. आदल्या दिवशी तिनं जमीन सारवली होती, तिच्या त्या अर्धगोलांवर पाय ठेवत ती आत आली. उंबरठ्यावर थांबून माझ्याकडं पाहिलं. मी हात धरून तिला रांगेच्या मधोमध नेऊन बसवलं. तिच्या आधी सहा बाया, तिच्यानंतर मी, माझ्यानंतर मास्तरीणबाई, आणि तिच्या मागं उरलेल्या सगळ्या.

ताट आलं. बुढीनं चपातीचा तुकडा दोन तळव्यांच्या मधे धरून तोंडात टाकला आणि फार हळू चावला. इकडं-तिकडं बघत होती, सगळ्यांची तोंडं हलताना पाहत होती. नऊ अधिक चार, तेरा वर्षांनी ती माणसांत जेवत होती. मला वाटलं, हे मी केलं.

मग पेला आला. कान धरायला बोटं नव्हती, म्हणून तिनं दोन्ही तळव्यांत पेला दाबून धरला आणि प्याली. तिचा तो खालचा ओठ मिटत नव्हता, हे मी तुम्हाला सांगितलं आहे. तिनं पेला तोंडापासून काढला, तेव्हा ओठापासून कडेपर्यंत लाळेची एक तार ताणली गेली आणि तुटली. कडेवर ओल राहिली, तिच्यात चपातीचा एक भिजलेला कण. तिनं पेला माझ्यापुढं धरला. हसत होती.

मी पेला घेतला. या बाईच्या पायातला पू मी चार महिने पुसला होता. आणि त्या क्षणी अशी किळस आली की मला माझंच कळेना. मी काही ठरवलं नाही. माझ्या हातांनी पेला फिरवला. अर्धा, कोरडी बाजू माझ्याकडं येईल एवढाच. तिथून मी प्याले.

झालं ते एवढंच. पण सगळी मंडळी माझ्याकडंच बघत होती. बघा म्हणून मीच सांगितलं होतं ना! मास्तरीणबाईनं पेला घेतला, माझ्या तोंडाकडं एकदा पाहिलं, पेला कपाळाला लावला आणि न पिता पुढं दिला. तिच्यापुढच्या बाईनंही कपाळाला लावला. मग तिच्यापुढचीनं. असा तो पेला रांगेच्या टोकापर्यंत कपाळा-कपाळावरून गेला. पेटी वाजायला लागली, गीत सुरू झालं. मी बुढीकडं पाहायचं टाळत होते, पण दिसलंच. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले होते.

मिसबाई उठून आल्या आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या, गीत संपेपर्यंत.

मंगळवारी कागद पक्का करायला वडीलमंडळी बसली. शेळ्या, पेटी, लग्नं, सगळं गाळून पाळकसाहेबांनी सुंदर भाषा केली होती: प्रीती, सेवा, साक्ष. शेवटी एक वाक्य होतं, की या वर्षी या मंडळीनं एका महारोगी भगिनीला आपल्या पंगतीत घेतलं आणि सर्वांनी एका पेल्यातून प्राशन केलं. मी मास्तरांकडं पाहिलं. ते आता माझ्याकडं बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. ओळख होती. जणू म्हणत होते, ये बाई, बस आमच्यात. मी ते वाक्य लिहिलं. माझ्या चांगल्या अक्षरात, शाई न फुटू देता लिहिलं. मिसबाईंनी बुधवारी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि बैलगाडीत बसल्या. वाचला की नाही, मला माहीत नाही.

बुढी त्या आठवड्यात पट्टीला आली नाही. मी रोज सामान मांडून वाट बघायचे. शनिवारी शेवटी मीच देवळात गेले. ती गुडघ्यांवर बसून सारवत होती. पायाला तिनं स्वतःच चिंधी गुंडाळली होती, गाठ दातांनी मारलेली कळत होती. मी दारातच उभी राहिले.

"आजी, पायाला पट्टी बांधू दे."

"बांधली मी."

"अशानं चिघळेल ती."

तिनं शेणाचा गोळा पुढं ओढला.

"माझं चुकलं," मी म्हटलं. आयुष्यात फार थोड्यांदा म्हटलं असेन. "पुढच्या महिन्यात पुन्हा बसू. तू म्हणत होतीस तसं, शेवटी बस. कुणाला काही बोलू देत नाही मी."

तिचा हात थांबला नाही. भिंतीच्या कडेनं एक अर्धगोल, त्याला लागून दुसरा. मग मान वर न करता, रागानं नाही, अगदी साध्या आवाजात ती म्हणाली, "शेवटी बसली असती तं मले समजलंच नसतं, बाई."

मी एक पाऊल आत टाकलं.

"तिथी पाय नोको ठेवू," ती म्हणाली. "ओलं हाये."